छपरावरची वीज कोणाची?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच्या तडाख्यात रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड व दापोली हे तालुके झोडपून निघाले. माड-पोफळी मोडून पडल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाळल्या काटक्यांसारखे आडवे झाले. त्यानंतर कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. वीज नाही म्हणून नळपाणी योजनेचा पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. मोबाईलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या म्हणून फोन नाही. करोनाच्या काळात मुंबईत अडकून पडलेल्या चाकरमान्याला गावची म्हातारी माणसे सुखरूप आहेत की नाहीत, एवढे कळावयासही दिवसामागून दिवस जावे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. वीज हा चैनीचा विषय नसून पाणी, औषध आणि निरोप यांचा विषय आहे, हे या दोन वर्षांनी कोकणी माणसाला पुरते शिकविले.

आणि हे घडले कोठे? ज्या जिल्ह्याने सबंध महाराष्ट्राला वीज पुरविली त्या जिल्ह्यात! कोयनेचे धरण साताऱ्यात असले तरी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून ज्या विद्युतगृहांत उतरते ती पोफळी-अलोऱ्याच्या परिसरात, चिपळूण तालुक्यात आहेत. १९६२ सालापासून तेथे वीज निर्माण होत आहे आणि आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. जयगडला कोळशावरचा १,२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा प्रकल्प १९९९ साली सुरू झाला, त्याची वीज राज्याला परवडेना म्हणून २००१ साली बंद पडला आणि २००५ साली सार्वजनिक कंपनीच्या गळ्यात आला. राजापूर तालुक्यात माडबनच्या कातळावर ९,९०० मेगावॉटच्या अणुप्रकल्पाची आखणी झाली. त्या विरोधाच्या काळात १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. मेगावॉटचे एवढे आकडे ज्या भूमीवर मांडले गेले, तेथील वाडीवर मात्र मृगाची पहिली सर आली की दिवे जातात. दिव्याखाली अंधार असतो ही म्हण रत्नागिरीकरांना कोणी समजावून सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर सध्या घरोघर चर्चा आहे ती छपरावरच्या सौर विजेची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर योजना जाहीर केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च असा तिचा पसारा आहे. १ किलोवॅटच्या संचाला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये असे अनुदान मिळते. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याची वीज छपरावरच पकडता येते, ही कल्पना आपल्यासारख्या विकेंद्रीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांना आवडणारीच आहे. परंतु आवडलेली कल्पना तपासून घेण्याची जबाबदारी अधिक असते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलात विचार करावा असे वाटते. तपशील तांत्रिक आहे, पण राजकारण त्या तपशिलातच दडलेले आहे.

ऊन आहे, पण पंखा बंद

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गुरुजींनी गेल्या वर्षी आपल्या स्लॅबच्या घरावर ३ किलोवॅटचा संच बसविला. बिल शून्यावर आले, म्हणून गुरुजी खूष होते. पुढे पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वारा झाला, तारा तुटल्या आणि तीन दिवस वीज गेली. चौथ्या दिवशी गुरुजी रस्त्यात भेटले ते चिडलेलेच. म्हणाले, “अहो, सूर्य डोक्यावर तळपतो आहे, छपरावर दोन लाखांची पॅनेले आहेत आणि घरात पंखा फिरत नाही. हे काय गौडबंगाल आहे?”

गौडबंगाल काही नाही. या योजनेखाली सर्वसाधारणपणे जो संच बसतो, तो महावितरणच्या तारांशी जोडलेला असतो. दिवसा तयार झालेली जादा वीज तारांत जाते, रात्री तारांतून परत घेतली जाते आणि मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. तारांतला प्रवाह थांबला की या संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण तो झाला नाही तर घराघरांतून तारांत वीज शिरेल आणि खांबावर चढून दुरुस्ती करणारा लाईनमन त्या प्रवाहाने मरेल. नियम रास्त आहे आणि तो एका श्रमिकाच्या प्राणासाठी आहे. दोष नियमाचा नाही. वीज साठविण्याची सोय नसलेला संच हा बिल कमी करण्याचे साधन आहे, अंधारातला आधार नव्हे, ही गोष्ट गुरुजींना संच विकणाऱ्याने सांगितली नाही, एवढाच काय तो दोष.

अंधारातला आधार हवा असेल तर बॅटरी हवी, आणि तारा तुटल्यावर घराला तारांपासून वेगळे करून बॅटरीवर चालविणारा इन्व्हर्टर हवा. असे इन्व्हर्टर बाजारात मिळतात आणि योजनेत बॅटरी बसविण्यास मनाईही नाही. मात्र बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली तेव्हा सौर साहित्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बॅटरीला मात्र १८ टक्क्यांचा कर आहे. म्हणजे ज्या वस्तूने बिल कमी होते तिला सवलत, आणि ज्या वस्तूने वादळात दिवा टिकतो तिच्यावर तिप्पटीहून अधिक कर. दिल्लीत बसून आखलेल्या योजनेत कोकणचा जून महिना कोणाच्या नजरेसमोर नव्हता, असेच म्हणावे लागते.

घराचा हिशेब

मग घराला लागते तरी किती? हा हिशेब कोणाही कार्यकर्त्याला वहीवर मांडता येतो आणि तो त्याने मांडावयास शिकले पाहिजे. कारण येथे अडाणी राहिलेल्या गिऱ्हाइकाला नको तेवढा मोठा संच गळ्यात घातला जातो, किंवा स्वस्तात मिळतो म्हणून कुचकामी संच माथी मारला जातो.

हिशेबाची सुरुवात पॅनेलपासून करू नये, गरजेपासून करावी. वाडीवरचे साधे घर घ्या. ९ वॉटचे ५ दिवे रोज ५ तास, म्हणजे २२५ वॉट-तास. नव्या प्रकारचे, कमी वीज खाणारे ३० वॉटचे २ पंखे १० तास, म्हणजे ६००. टेलिव्हिजन ५० वॉटचा ३ तास, म्हणजे १५०. मोबाईलचे २५ धरा. बेरीज बरोबर १,००० वॉट-तास, म्हणजे १ युनिट. हेच पंखे जुने, ७५ वॉटचे असतील तर त्यांचेच १,५०० होतात आणि बेरीज १,९०० वर जाते. म्हणजे केवळ पंखे बदलले तर जवळजवळ निम्म्या बॅटरीचा खर्च वाचतो! बॅटरी विकणारा हे आपणहून सांगणार नाही. फ्रिज असेल तर आणखी सुमारे १ युनिट जोडावा. विहिरीवरचा १ अश्वशक्तीचा पंप चालताना पाऊण किलोवॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट जोर मागतो. त्याला बॅटरीवर लादू नये, दिवसा उन्हावरच चालवावा.

आता साठवण. १ युनिट वापरायचा तर इन्व्हर्टर आणि तारांतली तूट धरून बॅटरीतून १.२ युनिट काढावे लागतात. आकाश दोन दिवस काळे राहिले तरी निभावे म्हणून २.४ युनिट हाताशी हवेत. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास लवकर मरते; म्हणून तिची क्षमता दुप्पट, ४.८ युनिट हवी. १२ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची एक बॅटरी २,४०० वॉट-तासांची. अशा दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्टचा संच केला की हिशेब जुळला. लिथियमची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते, त्यामुळे तेथे ३ युनिटांची पुरते. ती महाग असते, पण दुप्पट-तिप्पट वर्षे टिकते आणि तिला पाणी घालावे लागत नाही. शिशाच्या बॅटरीत वेळेवर शुद्ध पाणी न घातल्याने किती बॅटऱ्या अकाली मेल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण बंद पडलेले सौर पथदिवे ज्याने गावोगाव पाहिले आहेत त्याला ती मोजावयास नको.

राहिली पॅनेले. १ किलोवॅटची पॅनेले वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात. पण सरासरीवर विसंबणारा कोकणात फसतो. आषाढ-श्रावणात हे उत्पन्न दोन-अडीच युनिटांवर उतरते आणि झडीच्या दिवशी एकाच्याही खाली जाते. हिशेब त्या महिन्यांचा धरला पाहिजे, कारण वीज जाते ती त्याच महिन्यांत. आपल्या १ युनिटाच्या घराला बॅटरी भरतानाची तूट धरून रोज दीड युनिट लागतो. तेव्हा १ किलोवॅट पुरे. ३ किलोवॅटची गरज नाही. उन्हाळ्यात जी जादा वीज होईल ती तारांत सोडावी.

कोकणचे छप्पर

येथपर्यंतचे गणित कोठेही लागू पडेल. पण रत्नागिरीचे घर म्हणजे पुस्तकातले घर नव्हे. त्याला जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे आणि वर कौले. त्या कौलांवर लोखंडी सांगाडा चढविला तर कौले फुटतात, पाणी झिरपते आणि वारा पॅनेलांच्या खाली शिरून सारे छप्परच उचलावयास बघतो. अशा ठिकाणी अंगणालगतच्या कातळावर काँक्रीटचे पाय रोवून त्यावर जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा उभारणे अधिक शहाणपणाचे. खारा वारा साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकतो. नटबोल्ट गंज न चढणारेच हवेत, मग त्यासाठी थोडे अधिक पैसे पडले तरी चालतील.

पॅनेलांचे तोंड दक्षिणेला आणि उतार रत्नागिरीच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे १७ अंशांचा असावा. सावली वैशाखात पाहू नये, मार्गशीर्षात पाहावी. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि माडाची सावली सर्वांत लांब पडते. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी एकत्र जोडलेल्या साऱ्या ओळीचे उत्पन्न घटते. कलमे तोडून वीज करावी असे कोणी सुचवीत असेल तर त्याला नमस्कार करून वाटेला लावावे. जागा बदलावी, झाड नव्हे.

जांभा हा आतून कोरडा आणि सच्छिद्र दगड. त्यात अर्थिंग सहजी लागत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा पडतात त्या आपण जाणतो. तेव्हा खोल खड्डा, कोळसा आणि मीठ, त्यात सोडलेली जाड पट्टी आणि शेजारी वीजरोधक, यांत काटकसर करणे म्हणजे घराच्या जिवाशी खेळणे होय. बॅटरी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. शिशाच्या बॅटरीतून भरताना ज्वालाग्राही वायू निघतो. हवेशीर पडवी बरी. बॅटरी मेली की ती भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नये. तिच्यातले शिसे फोडणाऱ्याच्या रक्तात आणि परसातल्या विहिरीत जाते. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ती त्याच्याकडून वसूल करून घ्यावी.

अनुदान कोणाच्या छपराला?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हा सारा खटाटोप कोण करू शकतो? ज्याचे छप्पर स्वतःच्या नावावर आहे, वीजमीटर स्वतःच्या नावावर आहे, आणि अनुदान खात्यावर येईपर्यंत आधी पैसे भरण्याची किंवा कर्ज काढण्याची ज्याची ऐपत आहे, तो. कोकणातली स्थिती काय? घर पणजोबांच्या नावावर, हिस्सेदार अकरा, त्यांतले सात मुंबईत, दोन सुरतेला, आणि संमतीपत्रावर सही करावयास एक नेहमीच नाराज. वीजबिल अजून स्वर्गवासी आजोबांच्या नावाने येते. मिरकरवाड्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या खलाशाला छप्परच नाही. खेड-दापोलीच्या डोंगरात दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी टाकून राहणाऱ्या कातकऱ्याला तर कागदावर अस्तित्वच नाही. या सर्वांच्या करातूनच ७५ हजार कोटी उभे राहतात आणि त्यांतला मोठा वाटा स्लॅबच्या बंगल्यावर जाऊन बसतो. २०२५ मध्ये राज्य शासनाने दरमहा १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी जादा अनुदानाची योजना पुढे आणली, तिचे स्वागत केले पाहिजे. पण छप्पर आणि सातबारा यांची अडचण अनुदान वाढवून सुटत नाही.

येथे आपल्यातले काही मित्र म्हणतील, “मग हे मध्यमवर्गीयांचे खेळणे आहे. यात आपण का पडावे?” हा युक्तिवाद मला मान्य नाही. एके काळी सायकल, रेडिओ आणि दूरध्वनी हीदेखील मध्यमवर्गाची खेळणी होती. साधन कोणाच्या हाती आधी गेले यावरून त्याचा निवाडा करता येत नाही. ते पुढे कोणाच्या हाती जाऊ द्यायचे, हा राजकारणाचा प्रश्न आहे. शिवाय ताकाला जाऊन भांडे लपविण्यात अर्थ नाही. एन्रॉनला विरोध करताना आणि जैतापूरला विरोध करताना आपल्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: हेही नको, तेही नको, मग वीज आणणार कोठून? आपण त्याला पुष्कळदा घोषणेने उत्तर दिले. वाडीचा, गावाचा, तालुक्याचा वहीवर मांडलेला हिशेब आपल्या हातात क्वचितच होता. छपरावरच्या पॅनेलांनी कारखाने आणि रेल्वे चालणार नाहीत, हे प्रामाणिकपणे कबूल करावे. परंतु घरातला दिवा, शाळा, दवाखाना आणि गावचा पाण्याचा पंप चालतो, हेही तितक्याच ठामपणे दाखवून देता आले पाहिजे.

दुसरे टोक याहून धोक्याचे आहे. ज्याला ऐपत आहे त्याने मोठी बॅटरी घ्यावी, तारांशी नाते तोडावे आणि स्वतःपुरता स्वयंपूर्ण व्हावे, असा प्रचार हल्ली होतो. ऐकावयास तो स्वावलंबनाचा वाटतो. पण खांब, तारा आणि रोहित्रे यांचे जाळे १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाने लोकांच्या पैशांतून उभे केले. २००५ साली मंडळाचे तुकडे झाले तरी ते जाळे सार्वजनिकच आहे. चांगले बिल भरणारी गिऱ्हाइके बाहेर पडली तर त्या जाळ्याचा खर्च उरलेल्या गरीब गिऱ्हाइकांवर पडेल, दर वाढतील, दुरुस्ती खालावेल, आणि मग उरलेल्यांतलेही ऐपतदार बाहेर पडतील. खाजगी शाळा आणि खाजगी दवाखाने यांच्या बाबतीत हा खेळ आपण उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. विजेच्या बाबतीत तो सुरू होण्यापूर्वीच बोलले पाहिजे.

वाडीची बॅटरी

म्हणून माझी सूचना अशी, की घराघराच्या बॅटरीआधी वाडीच्या बॅटरीचा विचार व्हावा. पंचवीस घरांची वाडी घ्या. वादळात सर्व काही चालले पाहिजे असे नाही. दर घरी एक पंखा, दोन दिवे आणि एक फोन एवढेच चालवायचे तर रात्रीला ४०० वॉट-तास लागतात. पंचवीस घरांचे १० युनिट. दोन रात्रींचे २०. तूट आणि राखीव धरून ३० युनिटांची लिथियमची एक सामाईक साठवण पुरते. याच घरांनी प्रत्येकी दोन शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या तर पन्नास बॅटऱ्या होतात, आणि त्यांतल्या निम्म्या पाणी न घातल्याने चार वर्षांत भंगारात निघतात. रात्रीची साठवण पुन्हा भरावयास आणि दिवसा नळयोजनेचा लहान पंप चालवावयास शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर ९-१० किलोवॅटची पॅनेले बस झाली. ते छप्पर कोणाच्या सातबाऱ्यावर अडकलेले नाही.

खांब पडल्यावर ही वीज घरी जाणार कशी, हा प्रश्न रास्त आहे. महावितरणच्या तारांत ती सोडता येणार नाही. उपाय साधा आहे. दर घराला अर्ध्या युनिटाची, पाच-सहा किलो वजनाची लहान बॅटरी द्यावी. ती सामाईक खोलीत भरून न्यावी, पिठाच्या गिरणीवरून डबा आणतात तशी. ही नवी ओझी पुन्हा बायकांच्याच डोक्यावर येणार नाहीत एवढे मात्र वाडीने पाहावे. जमल्यास पुढे परवानगी घेऊन वाडीपुरती स्वतंत्र तार टाकावी.

हे स्वप्नरंजन नाही. घाटमाथ्यावर, कोयनेच्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून पुढे आली. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज एकत्रितपणे विकली. केंद्राच्या योजनेतही दर जिल्ह्यात एका आदर्श सौरग्रामाला १ कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी प्रामुख्याने ५,००० हून अधिक वस्तीच्या महसुली गावांचा विचार होतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांच्या रत्नागिरीत ही अट म्हणजे दार उघडून उंबऱ्यावर भिंत बांधण्यासारखे आहे. ती अट वाडीच्या मापाची करून घेणे, हा मागणीचा पहिला मुद्दा असला पाहिजे.

मात्र सहकार म्हटले की सारे सुरळीत होते असे मानण्याचे कारण नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था अनेक तालुक्यांत वीज वाटीत होती. थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ साली तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले. वीज फुकट नसते, हे सांगण्याचे धैर्य पुढाऱ्यांत नसेल तर सहकारी वीजही बुडते. वाडीची बॅटरी दहा-बारा वर्षांनी बदलावी लागेल. दर घराने महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकली नाही, तर उद्घाटनाच्या कोनशिलेखाली मेलेली बॅटरी एवढेच काय ते शिल्लक राहील. गावोगावी गंजलेले सौरदिव्यांचे खांब उभे आहेत; ते कोणी एका कार्यालयाचे पाप नसून, वस्तू देणे म्हणजे काम संपणे, या वृत्तीचे स्मारक आहे.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांनी पुढच्या मृगापूर्वी करण्यासारखी कामे मोठी नाहीत. एक, आपल्या वाडीचा विजेचा हिशेब घरोघर जाऊन वहीवर लिहावा: किती दिवे, किती पंखे, कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाच्या घरी औषध थंड ठेवावे लागते. दोन, ग्रामसभेत ठराव मांडावा, की जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून शाळा, उपकेंद्र आणि पाण्याचा पंप येथे बॅटरीसह सौर संच बसवावा आणि त्याच निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची अट असावी. तीन, बॅटरीवरचा कर पॅनेलांइतका करावा आणि १ किलोवॅटच्या लहान संचाबरोबर बॅटरीला अनुदान द्यावे, ही मागणी किनाऱ्यावरच्या प्रत्येक लोकप्रतिनिधीकडे लावून धरावी. चार, वाडीतल्या दोन तरुणांना, त्यांत एक मुलगी असावी, वायरमनचे शिक्षण मिळावे म्हणून धडपड करावी. आपल्या वाडीतला दुरुस्तीवाला असला तर रत्नागिरीहून माणूस येण्याची आठवडाभर वाट पाहावी लागत नाही, आणि एका घरातला मुलगा तरी मुंबईच्या गाडीत बसत नाही.

यातले कोणतेही काम मोर्चाएवढे गाजणार नाही. वर्तमानपत्रांत छायाचित्र येणार नाही. परंतु पुढच्या वादळात एखाद्या वाडीवर नळाला पाणी असेल, उपकेंद्रातला दिवा लागलेला असेल आणि मुंबईतल्या मुलाला त्याच रात्री गावचा फोन लागेल, तर विजेच्या प्रश्नावर आपण आजवर जे बोलत आलो त्याला वाडीवर बसलेल्या माणसाच्या लेखी काही अर्थ येईल.

गुरुजींनी आता बॅटरी घेतली आहे. परवा भेटले तेव्हा मी त्यांना वाडीचा हिशेब दाखविला. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली, एका ठिकाणची चूक काढली आणि म्हणाले, “शाळेच्या छपराचं माप मी घेतो. तुम्ही ठराव लिहा.”